बुद्ध्यांकाच्या पलीकडे

आज दिवसभर शालेय मानसशास्त्रज्ञांच्या प्रशिक्षणाला बसले होते. विषय होता, वर्गात बसून निरीक्षण करणं आणि शिक्षकांबरोबर उपाय आखणं. नोकरीला लागले तेव्हा काम एका दमात सांगता यायचं: मुलाला बोलवा, चाचणी घ्या, बुद्ध्यांक काढा, अहवाल द्या. अहवाल फायलीत जायचा, मूल होतं तिथंच!

खरं तर फ्रान्सच्या बिने आणि सिमाँ यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये बुद्धिमत्तेची चाचणी तयार केली, ती कुणाला जादा मदत लागेल हे ओळखण्यासाठी. त्याहीआधी, १८९६ मध्ये, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लाइटनर विटमर यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मानसशास्त्रीय क्लिनिक सुरू केलं. पहिली केस शुद्धलेखन न जमणाऱ्या मुलाची, आणि त्याला घेऊन आली होती एक शिक्षिका. म्हणजे सुरुवातच शिक्षकांच्या सोबतीनं झालेली. मग आकड्यांत कसे काय अडकलो आपण?

आता चिंता, दादागिरी, आत्महत्येचे विचार, घरातला मृत्यू हे सगळंच आमच्या टेबलावर येतं. अमेरिकेतली शालेय मानसशास्त्रज्ञांची राष्ट्रीय संघटना ५०० विद्यार्थ्यांमागे एक मानसशास्त्रज्ञ असावा असं सांगते. हा आकडा ऐकून सभागृहात हशाच पिकला.

मला सगळ्यात पटलं ते सहकाऱ्यांनी नियमित भेटून अवघड केसेसवर बोलण्याचं सत्र, अर्थात मुलांची नावं न घेता. आपल्या शाळेत हे काम करणारे आपण एकटेच असतो, चुकतंय की बरोबर हे सांगायला कुणी नसतं. असा गट आधीच चालवणारं कुणी आहे का इथे? वेळ कसा काढता, तेवढं सांगा.