कॅमेऱ्याची एक वायर आणि लिटरमागे दीड किलोमीटर

मार्चमधल्या नोंदीत मी माझ्या गाडीचे मायलेज घसरल्याचे कळवले होते आणि त्याचा दोष पुण्याच्या उन्हाळ्याला व एसीला दिला होता. ते निदान चुकीचे होते. खरे कारण गेल्या पंधरवड्यात सापडले, दुरुस्ती झाली आणि त्यानंतरची पहिली पूर्ण टाकीही संपली, म्हणून ही नोंद सविस्तर लिहीत आहे.

आधी आकडे. सगळी मोजणी नेहमीप्रमाणे टाकी ते टाकी, एकाच पंपावर, पहिल्या ऑटो-कटपर्यंत (पंपाचा नॉझल आपोआप बंद होईपर्यंत) केलेली आहे. गाडी मागे घेताना मागचे दाखवणारा रिव्हर्स कॅमेरा बसवण्यापूर्वीच्या सतरा भरण्यांची सरासरी लिटरला १५.१ किलोमीटर होती. कॅमेरा बसल्यानंतर १३.९, १३.६ आणि १३.४ असे तीन आकडे ओळीने आले. टायरची हवा दर आठवड्याला थंड टायरवर तपासलेली होती. घनफळाच्या हिशेबाने इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे ई-२० इंधनाने (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने) मायलेज कमी होते हे खरे आहे. परंतु सतराही भरण्या ई-२० च्याच होत्या, तेव्हा नवी घट त्याच्या माथी मारता येत नव्हती. गेल्या वर्षीच्या मे महिन्याची पाने उलटली, तर एसी दिवसभर चालू असूनही १४.७ मिळाल्याची नोंद होती. एसीवरचा आरोप तिथेच ढासळला.

कोथरूड ते हिंजवडी आणि परत अशा ३६ किलोमीटरच्या रोजच्या प्रवासात गाडी सिग्नलवर आणि कोंडीत एकूण वीस-पंचवीस मिनिटे उभी असते. एका सकाळी चांदणी चौकाच्या अलीकडे थांबलो असताना जाणवले की इंजिन बंदच होत नाही. एमआयडीवर (डॅशबोर्डवरच्या माहितीच्या पडद्यावर) आयडल-स्टॉपच्या, म्हणजे गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद करणाऱ्या यंत्रणेच्या, वेळेचे पान उघडले, तर अख्ख्या आठवड्याची बेरीज चार मिनिटेही नव्हती. हे पान मी तीन महिने उघडले नव्हते, याची मला मनापासून खंत आहे. उभ्या गाडीत इंजिन तासाला ०.७ लिटर पेट्रोल घेते असे धरले, तर रोजच्या बावीस मिनिटांत पाव लिटर जाते, आणि १५.१ व १३.६ यांतला फरक ३६ किलोमीटरांवर मांडला की नेमके तेवढेच उत्तर येते. हिशेब इतका चपखल बसल्यावर प्रश्न एकच उरला: आयडल-स्टॉप का थांबले?

बॅटरीच्या ऋण टर्मिनलवरचा सेन्सर चार्ज कमी असल्याचे सांगू लागला की ही यंत्रणा इंजिन बंद करत नाही. म्हणून उभ्या गाडीचा करंट मोजला. बॉनेट उघडे ठेवून, पण गाडीला ते बंद वाटावे म्हणून त्याचे लॅच स्क्रू-ड्रायव्हरने बंद केले, मल्टिमीटर ऋण वायरच्या मध्ये जोडला आणि गाडीतली सगळी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल झोपी जावीत म्हणून चाळीस मिनिटे वाट पाहिली. आकडा १६२ मिलिअँपियरवर स्थिरावला. एकेक फ्यूज काढत गेलो. मागच्या १२ व्होल्ट सॉकेटचा फ्यूज काढताच तो ३८ वर आला. मधले १२४ मिलिअँपियर रिव्हर्स कॅमेऱ्याचे होते. म्हणजे कॅमेरा रात्रंदिवस चालू होता आणि दिवसाला सुमारे ३ अँपियर-तास खात होता. शुक्रवारी रात्री लावलेली गाडी सोमवारी सकाळी निघेपर्यंत ४५ अँपियर-तासांच्या बॅटरीतून सातेक अँपियर-तास गेलेले असत, आणि ते शहरातल्या तुकड्या-तुकड्यांच्या प्रवासात पुरते भरून निघत नव्हते.

कॅमेरा तिथे का जोडला गेला, याचे उत्तर मार्चच्या नोंदीतच आहे. रिव्हर्स लाइटच्या वायरवर जोडल्यावर चित्रात आडवे पट्टे फिरत होते आणि तेही फक्त इंजिन चालू असताना. ॲक्सेसरीच्या दुकानात ते 'दहा मिनिटांत' नाहीसे झाले, आणि कसे झाले हे मी विचारले नाही. आता मित्राचा ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचे क्षणाक्षणाचे चढउतार दाखवणारे उपकरण) लावून पाहिले. इंजिन चालू असताना व्होल्टेज चौदाच्या वर जाते, तेव्हा बल्ब जपण्यासाठी बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे वगैरे चालवणारा गाडीतला संगणक) रिव्हर्स लाइटच्या वायरवरचा पुरवठा सेकंदाला सुमारे शंभर वेळा क्षणभर तोडते. बल्बच्या तापलेल्या तारेला त्याचा पत्ता लागत नाही, कॅमेऱ्याला लागतो. दुकानाने कारणाकडे न पाहता कायम चालू असलेली दुसरी वायर शोधली होती, तीही कॅमेऱ्यासाठी स्वतंत्र फ्यूज न लावता आणि निळ्या चिमटा-क्लिपने. त्या क्लिपने वायरचे निम्मे धागे कापलेले निघाले. माझे मत ठाम आहे: अशी क्लिप गाडीत कुठेही वापरू नये, क्रिंपिंग (धातूची नळी दाबून केलेला जोड) आणि हीट-श्रिंक (त्यावर उष्णतेने आवळणारे वेष्टण) यांना पर्याय नाही.

सध्याची जोडणी अशी आहे. इग्निशन-ऑन लाइनवर (चावी चालू असतानाच वीज मिळणाऱ्या वायरवर) २ अँपियरचा फ्यूज टॅप, म्हणजे फ्यूज बॉक्समधून काढलेली फ्यूजसह फाटा-वायर, तिथून रिले (विजेने चालणारा स्विच) आणि रिलेतून कॅमेरा. रिलेच्या कॉइलला रिव्हर्स लाइटची वायर, पण मध्ये डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा) आणि १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (क्षणभर वीज साठवणारा), म्हणजे रिले फडफडत नाही. रिले आणि त्याचा सॉकेट पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, दीडशे रुपयांच्या आत मिळाला. ऑनलाइन 'कॅमेरा फिल्टर' म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यापेक्षा हा माल निःसंशय सरस आहे. चित्र आता निश्चल आहे. अमेरिकेत मे २०१८ पासून सर्व नव्या मोटारींना रिव्हर्स कॅमेरा सक्तीचा आहे आणि रिव्हर्स टाकल्यावर दोन सेकंदांत चित्र दिसणे तिथे बंधनकारक आहे. माझ्याकडे व्हिडिओ काढून मोजल्यावर ते सव्वा सेकंदात दिसते. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले, कॅमेरा नाही. आमच्या पार्किंगमध्ये मुले तिचाक्या सोडून जातात, आणि त्यांचा बारीक दांडा सेन्सरला दोनदा दिसला नव्हता. परवा तो कॅमेऱ्यात स्वच्छ दिसला.

बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घेतली. चार्जरची ऋण क्लिप टर्मिनलला नव्हे, तर बॉडीच्या अर्थ पॉइंटला लावली, कारण अन्यथा आत गेलेला चार्ज सेन्सरच्या हिशेबात येत नाही. तिसऱ्या दिवशी पहिल्याच सिग्नलला इंजिन बंद झाले आणि ती शांतता ऐकून मला अतोनात आनंद झाला. ताजी टाकी: ४८७ किलोमीटर, ३२.४ लिटर, म्हणजे १५.०३. एमआयडी नेहमीप्रमाणे १५.९ दाखवत होता.

वरचा परिच्छेद लिहून झाल्यावर रिलेच्या कॉइलचा रोध मोजला. तो ८५ ओहम निघाला. म्हणजे कॉइल साधारण १५० मिलिअँपियर घेते आणि कॅमेरा १२४. ज्या कपॅसिटरने रिले सांभाळला, तोच कॅमेरा थेट सांभाळू शकेल: पुरवठा दोन मिलिसेकंदांपेक्षा कमी काळ तुटतो आणि तेवढ्यात व्होल्टेज फार तर पाव व्होल्ट उतरेल. मग रिलेची आणि इग्निशन लाइनची गरजच उरत नाही. डॅशकॅम (समोरचा रस्ता टिपणारा कॅमेरा) बसवण्याचे काम या रविवारी होणार होते, ते पुढे ढकलतो आहे. त्याऐवजी रिले काढून डायोड, ४.७ ओहमचा रोधक आणि कपॅसिटर एवढेच ठेवून पाहीन. रोधक यासाठी की रिकामा कपॅसिटर एकदम भरताना कंट्रोल मॉड्यूलला तो शॉर्ट वाटू नये. ऑसिलोस्कोप रविवारपर्यंत माझ्याकडेच आहे.