पार्किंगचा लिलाव आणि रोमची गादी

रविवारी आमच्या सोसायटीत पार्किंगच्या दोन जागांचा लिलाव झाला. मानपाड्याला फ्लॅट मिळेल पण गाडीला जागा मिळणार नाही. एक काका आत टेबलापाशी, दुसरे उशिरा आले म्हणून दाराबाहेर चपलांच्या ढिगात उभे, तिथूनच पाच बोटं वर करून ओरडतायत, "अजून पाच!" मला एकदम रोमचा सम्राट डिडियस ज्युलियानस आठवला आणि हसूच फुटलं, बायको म्हणे काय झालं, आता तिला तिथे कुठे सांगत बसू, म्हणून इथे लिहितोय.

तर इसवी सन १९३. पर्टिनॅक्स नावाचा सम्राट जेमतेम ८७ दिवस गादीवर, शिस्त लावायला गेला आणि त्याच्याच बॉडीगार्डांनी, म्हणजे प्रिटोरियन गार्डांनी, त्याला मारला. मग त्यांनी गादी चक्क लिलावात काढली. छावणीच्या आत मेलेल्याचा सासरा सुल्पिसियानस, गेटबाहेर ज्युलियानस बोटांनी आकडे दाखवतोय. सासरा शिपायामागे २०,००० सेस्टर्सवर (रोमन नाणं) पोचला, याने एका फटक्यात २५,००० केले. झालं, उघडलं गेट. जावयाचं प्रेत अजून थंड झालं नसेल आणि सासरेबुवा बोली लावतायत, मला तर हेच जास्त झोंबतं.

बहुतेक लोक किस्सा इथेच संपवतात. पण खरा खेळाडू तेव्हा रोममध्ये नव्हताच. सेप्टिमियस सेव्हेरस, मूळचा आजच्या लिबियातल्या लेप्टिस मॅग्नाचा, तेव्हा डॅन्यूबकाठी कार्नुंटमला, म्हणजे व्हिएन्नाजवळ, गव्हर्नर होता. ९ एप्रिलला त्याच्या सैन्याने त्याला सम्राट केलं. आता हे सरळसरळ बंड (गुवाहाटीचा काही संबंध नाही, ठाणेकराने बंड म्हटलं की लोकांचं डोकं तिकडेच जातं), पण पठ्ठ्या म्हणतो मी पर्टिनॅक्सच्या खुनाचा बदला घ्यायला निघालोय, आणि त्याचं नावसुद्धा स्वतःच्या नावात घुसवलं. ब्रिटनमध्ये अल्बिनसकडे मोठं सैन्य होतं, त्याला 'सीझर' पद, म्हणजे वारसदाराचा मान, देऊन गप्प बसवलं, आपल्याकडे उपमुख्यमंत्री करतात तसं. १९७ मध्ये लियोंजवळ त्याचाही निकाल लावला, पण ते नंतर.

इकडे रोममध्ये ज्युलियानसची तयारी म्हणजे नुसती धमाल. इतिहासकार कॅसियस डिओ तेव्हा सिनेटर होता, त्याने डोळ्यांनी बघून लिहून ठेवलंय. आरमारातून आणलेल्यांना कवायत येईना, हत्तींना पाठीवरचे मनोरे जड झाले तर त्यांनी माहुतांनाही खाली फेकलं, आणि सिनेटरांना हसू आवरेना. सेव्हेरस हजार किलोमीटरच्या वर चालून (ठाण्याहून नागपूर आठशेच्या आसपास आहे) जवळ आला तसं जूनच्या सुरुवातीला सिनेटनेच ज्युलियानसला मृत्युदंड दिला. ६६ दिवसांचं राज्य. मरताना म्हणाला, मी काय वाईट केलं, मी कुणाला मारलं?

आणि ते पैसे मोजून घेणारे गार्ड? सेव्हेरसने त्यांना बोलावलं, वेढलं, हत्यारं आणि घोडे काढून घेतले आणि रोमच्या आसपास दिसायचं नाही म्हणून हाकलून दिलं, एकही लढाई न करता. डिओ सांगतो, त्यातल्या एकाचा घोडा त्याला सोडेचना, खिंकाळत मागे मागे येत राहिला, शेवटी त्याने घोड्याला मारलं आणि स्वतःलाही, आणि बघणाऱ्यांना वाटलं की घोडासुद्धा खुशीनेच मेला.