अजून तासभर आहे की!

कोझुमेल हे मेक्सिकोचं बेट क्विंताना रू राज्यात येतं. या राज्याने २०१५च्या फेब्रुवारीत आपली घड्याळं एक तास पुढे घेतली आणि तेव्हापासून बारा महिने ती तशीच ठेवली आहेत. त्यामुळे हिवाळ्यात मायामीची आणि कोझुमेलची वेळ एकच असते. मार्चमध्ये फ्लोरिडा घड्याळ पुढे करतं, बेट करत नाही, आणि मग नोव्हेंबरपर्यंत दोघांत तासाचा फरक राहतो. मायामीहून निघालेल्या जहाजाने आपली वेळ बदलली नाही, तर जहाजात साडेचार वाजलेले असताना धक्क्यावर साडेतीनच वाजलेले असतात. काही कंपन्या प्रत्येक बंदराप्रमाणे जहाजाची वेळ बदलतात, काही अजिबात बदलत नाहीत. आमचं जहाज बदलत नाही. रोजच्या कार्यक्रमपत्रिकेवर ते ठळक छापलेलं असतं, सकाळी स्पीकरवरून सांगितलं जातं, गँगवेवर, म्हणजे जहाजातून धक्क्यावर जायच्या पुलावर, उतरताना पाटीही असते. तरीही आमच्या काउंटरवर जी रडारड होते, तिच्यातल्या बऱ्याचशा भागाला हा एक तास कारणीभूत असतो.

मी क्रूझ जहाजावर गेस्ट सर्व्हिसेसमध्ये काम करते. म्हणजे हॉटेलातलं रिसेप्शन, फक्त गिऱ्हाईक रागावून बाहेर निघून जाऊ शकत नाही. केबिनचं कार्ड चालत नाही, वायफाय जोडलं जात नाही, शेजारचे मोठ्याने बोलतात, जहाज फार हलतं, असलं सगळं आमच्याकडे येतं. (हलण्याचं म्हणाल तर बुकिंग करतानाच जहाजाच्या मधल्या भागातली, खालच्या डेकवरची केबिन घ्यावी. सगळ्यात वरची, टोकाची, समुद्राच्या देखाव्याची केबिन हौसेने घेणारेच दुसऱ्या दिवशी गोळ्या मागायला येतात.)

तो दिवस उन्हाळ्यातला होता. निघायची वेळ पाचची, ‘ऑल अबोर्ड’, म्हणजे सगळ्यांनी जहाजात परतायची शेवटची वेळ, साडेचारची. सकाळी काकू काउंटरवर आल्या होत्या. माझ्या छातीवरच्या नावाच्या पट्टीवरून त्यांनी पहिल्याच दिवशी मला मराठीत हाक मारली होती, तेव्हापासून त्या काकू आणि मी ‘अगं’. त्यांचे गुडघे दुखत होते म्हणून त्या जहाजावरच थांबणार होत्या. काकांना तुलूमचे माया लोकांचे अवशेष बघायचे होते. तुलूम बेटावर नाही, समोरच्या मुख्य भूमीवर आहे. कोझुमेलहून फेरीबोटीने प्लाया देल कार्मेनला जायचं, त्याला पाऊण तास लागतो, आणि पुढे गाडीने साधारण तासभर. परत येताना तेच उलट. जहाजाची सहल काकांना महाग वाटली आणि ते एकटे निघाले.

साडेचारला गँगवेवरच्या सिक्युरिटीने न आलेल्यांची यादी काढली. तुम्ही उतरताना आणि चढताना कार्ड स्कॅन होतं ना, त्यावरून कोण आत आणि कोण बाहेर ते क्षणात कळतं. साडेचारला चाळीसएक नावं असणं हे रोजचंच, त्यातले बहुतेक धक्क्याच्या टोकाला पिशव्या सांभाळत चालत येत असतात. पावणेपाचला एकच नाव उरलं. काकूंना ते सांगायची गरज पडली नाही, त्या दहा मिनिटांपासून माझ्यासमोरच उभ्या होत्या. स्पीकरवरून काकांचं नाव दोनदा पुकारून झालं होतं. काकूंनी पाठवलेल्या मेसेजवर एकच खूण दिसत होती. मग दुसरी आली, आणि लगेच उत्तर. काकूंनी फोन माझ्याकडे वळवला.

‘अजून तासभर आहे की! फेरीत बसलोय. साडेचारच्या आत पोहोचतो.’

काकांच्या फोनची वेळ धरली तर माणूस अगदी शहाण्यासारखा वागला होता. फोनने धक्क्यावर पाय ठेवताच स्थानिक वेळ घेतली होती. फेरी त्याच्या हिशेबाने चार-वीसला लागणार, दहा मिनिटं हातात. आमच्या हिशेबाने पाच-वीस. शिवाय फेरी लागते गावात आणि आमचा धक्का तिथून टॅक्सीच्या अंतरावर.

“कॅप्टनला सांग ना, अर्धा तासच तर आहे,” काकू म्हणाल्या.

मी ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात तिथे, फोन केला. उत्तर मला माहीत होतं, पण विचारायचं असतं. कॅप्टनने दहा मिनिटं दिली. लोकांना हा कोरडेपणा वाटतो. पण धक्क्याची वेळ ठरलेली असते, जहाज बाहेर काढणारा पायलट वर आलेला असतो, दोर सोडणारी माणसं खाली उभी असतात. उशिरा निघालं की तो वेळ वेग वाढवून भरून काढायचा, म्हणजे जास्तीचं इंधन. आणि जहाजावरच्या हजारो लोकांनी एकासाठी थांबायचं ठरवलं, तर उद्या प्रत्येक बंदरात कोणी ना कोणी निघतंच. जहाजाने स्वतः नेलेली सहल उशिरा आली तर मात्र आम्ही थांबतो, किंवा त्या लोकांना पुढे पोहोचवायची व्यवस्था कंपनी करते. तिकिटाच्या जास्तीच्या पैशात खरं म्हणजे हेच विकत घेतलेलं असतं. म्हणून माझं सरळ मत आहे: जे ठिकाण बंदरापासून चालत किंवा थोड्या वेळात गाठता येतं, तिथे स्वतःचे स्वतः खुशाल फिरा. वाटेत फेरी, ट्रेन किंवा लांबचा महामार्ग असेल तर जहाजाची सहल घ्या. रोमचं बंदर म्हणतात ते चिवितावेक्किया रोमपासून रस्त्याने साधारण ७०-८० किलोमीटर लांब आहे. ‘बर्लिन’ म्हणून माहितीपत्रकात छापतात ते वार्नेम्युंडे समुद्रकाठी, तिथून बर्लिनला जायलाच तीनेक तास लागतात.

आता वेळ होती ती पासपोर्टची. कोणी मागे राहणार असं दिसलं की आम्ही केबिनमध्ये जातो, सिक्युरिटीसमोर तिजोरी उघडतो, पासपोर्ट काढतो आणि पोर्ट एजंटकडे देतो. हा एजंट म्हणजे त्या बंदरातला कंपनीचा माणूस. त्याचा नंबर रोजच्या पत्रिकेवर असतो आणि उतरताना कोणीच त्याचा फोटो काढून घेत नाही. या वेळी तिजोरी फोडायची गरज नव्हती, आकडे काकूंना पाठ होते. मी त्यांना व्हीलचेअरवर बसवलं आणि आम्ही लिफ्टने वर गेलो, बरोबर सिक्युरिटीचा एक जण.

तिजोरीत दोघांचे पासपोर्ट रबरबँडने एकत्र बांधलेले. काकूंनी ते सोडवले. मग त्यांनी छोट्या फ्रिजकडे बोट दाखवलं. “त्यात त्यांचं रात्रीचं इन्सुलिन आहे.” जेवणाआधीचं पेन काका रोज खिशात ठेवायचे, रात्रीचं दुसरं, ते ज्यूसच्या डब्यामागे आडवं ठेवलेलं. हे मी एकटीने केबिन धुंडाळली असती तर मला सापडलंही नसतं. पेन, सुयांचं पाकीट, रक्तदाबाच्या गोळ्या, चार्जर, एक शर्ट आणि पासपोर्ट. सगळं कापडी पिशवीत, वर केबिन नंबर आणि नाव, काकूंची सही. सही करताना त्यांचा हात थरथरत नव्हता, माझा थोडा घाईत होता.

लिफ्टमध्ये त्या म्हणाल्या, “मीच उतरू का?”

असं विचारणारे असतात आणि त्यांना सल्ला द्यायची आम्हाला मुभा नसते. जे खरं आहे ते सांगायचं. मी सांगितलं की उतरलात तर परत चढता येणार नाही. सामान आम्ही भरून मायामीला तुमच्या ताब्यात देऊ. पुढचं बंदर मायामीच आहे, मध्ये एक दिवस नुसता समुद्र. काकांना विमानाने मायामी गाठावं लागेल, तुम्ही उतरलात तर दोघांना.

काकूंनी खालच्या डेकचा आकडा येईपर्यंत विचार केला. “त्यांना एकट्याला जमेल. मी गेले तर त्यांना माझी खुर्ची ढकलत विमानतळ शोधावा लागेल.” मग थोडं थांबून, “आणि रात्रभर मीच बोलेन, ते वेगळंच.”

पिशवी गँगवेवरून खाली एजंटकडे गेली तेव्हा पाच वाजून आठ मिनिटं झाली होती. दोन मिनिटांत गँगवे ओढला गेला.

वरच्या डेकवर तोवर गर्दी जमली होती. उशिरा येणारे धक्क्यावरून धावताना बघायचे, त्यांचे व्हिडिओ काढायचे, टाळ्या वाजवायच्या, ही क्रूझवरची एक करमणूकच होऊन बसली आहे. मला ती आवडत नाही. धावणाऱ्याच्या हातात बहुधा मूल असतं किंवा औषधाची पिशवी. काका त्या दिवशी धावताना कोणाला दिसले नाहीत, कारण ते पोहोचले तेव्हा धक्का रिकामा होता. पण एजंट तिथेच उभा होता, पिशवी घेऊन. साडेसहाला त्याचा फोन आला: माणूस मिळाला, पासपोर्ट दिला, हॉटेल बघून देतोय, इमिग्रेशनचे कागद सकाळी.

पासपोर्ट होता म्हणून हे इतकं सोपं वाटतं. अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परतणाऱ्या क्रूझवर अमेरिकन नागरिकांना नुसता जन्मदाखला आणि ओळखपत्र घेऊन येता येतं, आणि पुष्कळ जण तसेच येतात. असा माणूस मागे राहिला की त्याला विमानात बसता येत नाही, आधी वकिलात गाठून कागद करावे लागतात. ज्यांना व्हिसा लागतो त्यांचं वेगळं: जहाज एका देशातून निघून दुसरीकडे गेलं आणि परत आलं, की तो पुन्हा प्रवेशच असतो. काकांचा व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचा होता. एकदाच प्रवेशाचा व्हिसा घेऊन क्रूझला आलेले लोकही मी पाहिले आहेत, त्यांना तर चढतानाच अडवतात.

दुसरा दिवस समुद्रावरचा. काकू सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी काउंटरवर येऊन बातमी देत होत्या. तिकीट मिळालं. विमानात बसले. मायामीत पोहोचले, म्हणजे आपल्याआधीच! सगळा खर्च खिशातून, कारण स्वतःच्या उशिराने जहाज चुकलं तर विमा सहसा पैसे देत नाही. विमान रद्द होऊन किंवा आजारी पडून चुकलं तर गोष्ट वेगळी. शेवटच्या रात्रीसाठी काकांनी जहाजावरच्या खास रेस्टॉरंटमध्ये दोघांचं टेबल घेऊन ठेवलं होतं. काकूंनी शेजारच्या केबिनमधल्या बाईंना सोबत नेलं आणि दोघी तिथे उशिरापर्यंत बसल्या.

त्याआधी काकू सामानाचं विचारायला आल्या. मोठ्या बॅगा रात्री अकराच्या आत केबिनबाहेर ठेवायच्या, त्या थेट टर्मिनलवर मिळतात. मी त्यांना बजावलं की औषधं, पासपोर्ट आणि सकाळी घालायचे कपडे स्वतःजवळ ठेवा. दर फेरीत कोणीतरी सगळं भरून बॅग बाहेर ठेवतं आणि सकाळी झोपायच्या कपड्यांत आमच्यासमोर उभं राहतं. काकांच्या बॅगाही काकूच भरणार होत्या, म्हणून मी एक जण मदतीला पाठवला.

“आणि एक,” काकू फोनकडे बघत म्हणाल्या. “हे विचारतायत, त्यांच्या वायफायच्या पॅकेजचे दोन दिवस वापरले गेले नाहीत. तेवढे पैसे परत मिळतील का?”

मिळत नाहीत, मी म्हटलं.

काकूंनी चष्मा सारखा केला आणि उत्तर टाइप करायला घेतलं. बराच वेळ करत होत्या.