शालिनी पॅलेसच्या अलीकडे

आज परत तिथंच. रंकाळ्यावर पळताना शालिनी पॅलेस जवळ आला की छातीच्या हाडाखाली, पोटाच्या अगदी वरच्या टोकाला जळजळ, मग पिळवटल्यागत कळ. आक्का म्हणाली, "पित्तच ते. गार दूध घे." झाला निकाल. मला तो 'च' खुपतोय.

तशी लक्षणं पित्ताचीच. अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायूंचा वेढा ढिला पडला, की पळताना हिंदकळणाऱ्या पोटातलं आम्ल वर चढतं. रक्त पायांकडे वळलेलं, पचन मंदावलेलं. त्यात दुपारी उशिरा तांबडा रस्सा! तेलकट जेवण जठरात रेंगाळतं. त्यानंतर किमान ३ तास पळायचं नाही, हे काय मला ठाऊक नाही? जोर मारताना डोकं खाली गेलं की घशाशी येतं, त्यामानानं बैठका बऱ्या. दम कोंडून वजन उचललं तर पोटावर दाब येतो, म्हणून उचलताना श्वास सोडायचा. विजारीची नाडीसुद्धा सैल. आणि दूध? घटकाभर बरं वाटतं. कट्ट्यावर समोर धार काढून देतात ते म्हशीचं दूध म्हणजे ६-७ टक्के स्निग्धांश, तो पुन्हा पोटात बसून राहतो.

सगळं पाठ आहे, तरी तो 'च' जात नाही.

बरगडीखाली एका बाजूला चमक भरते ती वेगळी. वेग कमी करून सावकाश श्वास सोडला की बहुधा जाते. पित्ताची जळजळ आपण पळायचं थांबल्यावरही रेंगाळते, वाकलं की वाढते, आंबट ढेकर येतो. हृदयाची कळ चढाला येते, थांबलं की काही मिनिटांत ओसरते. जागा मात्र दोघींची एकच असू शकते. पित्ताचं औषध घेऊन बरं वाटलं, एवढ्यानं हृदय सुटत नाही.

आज थांबल्यावर दोन मिनिटांत गेली. ढेकर आला होता का? आठवत नाही. नेमकं तेवढंच आठवत नाही. बाकीच्यांना गुडघे दुखतात, आपल्याच वाट्याला हे.

असो. तोवर पळणं बंद. उद्या डॉक्टरांकडे. घाम फुटला, कळ जबड्यात किंवा हातात उतरली तर उद्याचीही वाट बघायची नाही, तडक दवाखाना. झोपवून काढलेल्या ईसीजीत पळतानाचं दुखणं सापडेलच असं नाही, तेव्हा बहुतेक सरकत्या पट्ट्यावर, ट्रेडमिलवर, चालवून ईसीजी काढतील. त्याआधी २-३ तास जड खायचं नसतं. म्हणजे सकाळची मिसळही गेली, कटासकट.