आमची वाटचाल : "एका शब्दात सांगा, घर घेऊ का नको?"

2012 ला सांगलीत बोर्ड लावला तेव्हा त्यावर "घर तपासणी" एवढंच लिहिलं होतं, आणि पहिल्या महिन्यात जी सात माणसं आली त्यातल्या चौघांनी विचारलं की ईशान्येला संडास चालतो का. म्हणजे वास्तुवाला समजले. बाकीचे बँकेचा व्हॅल्युअर समजले. आणि घरात भाडेकरू असले तर ते दारच उघडायचे नाहीत, त्यांना वाटायचं महापालिकेचा माणूस घरपट्टी वाढवायला आलाय. व्हॅल्युअर घराची किंमत काढतो, आम्ही घराची तब्येत बघतो, हे वाक्य मी तेव्हापासून रोज म्हणतोय आणि रोज कोणीतरी शेवटी विचारतंच, "मग किंमत किती धरायची साहेब?"

मी डिप्लोमा सिव्हिल, त्याआधी आठ वर्षं साइटवर सुपरवायझर. दोष कुठं लपवतात हे मी पुस्तकातनं शिकलो नाही, लपवणाऱ्यांच्या शेजारी उभा राहून शिकलो.

पार्टनर म्हणाल तर आमचे गवंडी मामा. नात्यातले नव्हेत, साइटवर सगळेच त्यांना मामा म्हणायचे. कागदावर कधीच पार्टनर झाले नाहीत, म्हणायचे सही केली की भांडण लागतं. त्यांच्याकडं वडिलांचा पितळी ओळंबा होता आणि एक दीड फुटाची सळई, टोक घासून घासून गोल झालेलं. ती सळई घेऊन मामा फरशीवर टकटक करत खोलीभर फिरायचे, डोळे मिटून, "ही वाजती... ही पण वाजती... ही बद्द... ही बद्द", आणि मी मागनं खडूनं फुल्या मारायचो. बद्द वाजली म्हणजे खाली माल नीट भरलेला नाही, आज ना उद्या उचलणार. विश्रामबागला एका नव्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये चाळीसपैकी बावीस फरशा बद्द निघाल्या, तर बिल्डरचा माणूस म्हणतो तुटलेली एक तरी दाखवा. मामांनी काही न बोलता तोच खडू त्याच्या हातात दिला आणि सांगितलं, तारीख घाला आणि सही करा, सहा महिन्यांनी येतो. सही काय केली नाही त्यानं.

आता हत्यारांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आमच्या पिशवीत सगळ्यात जास्त वापरली जाणारी वस्तू म्हणजे बंद पडलेलं एटीएम कार्ड. त्याची जाडी पाऊण मिलिमीटर असते. "हा तडा धोक्याचा आहे का हो?" हा आम्हाला येणारा एक नंबरचा प्रश्न, मग मी आधी कार्ड घालून बघतो. केसासारखा तडा, तोही बीम आणि विटांची भिंत जिथं भेटतात तिथं असला तर रडायचं कारण नाही, काँक्रीट आणि वीट ऊन्हात वेगवेगळी हलतात, प्लास्टर करताना तिथं कोंबडी जाळी मारायला कंटाळा केलेला असतो एवढंच. पण खिडकीच्या कोपऱ्यातनं तिरका निघालेला आणि कार्ड आत घेणारा तडा असला की मी गप्प बसतो आणि काचेची पट्टी काढतो. तड्यावर आडवी चिकटवायची, त्यावर तारीख लिहायची आणि निघायचं. काच फुटली तर तडा जिवंत आहे, घर अजून हलतंय. नाही फुटली तर कधीतरी बसलं आणि थांबलं. लेसर बिसर नंतर आले, पण ही पाच रुपयांची पट्टी जे सांगते ते सांगायला लोक हजारो रुपये घेतात.

आणि कॉलमला सळईच्या रेषेत उभा तडा दिसला तर मात्र कार्ड वगैरे काही नाही, आत सळई गंजून फुगलेली आहे, तिथं स्ट्रक्चरल इंजिनिअरच पाहिजे, मी किंवा मामा नव्हे.

यावरनंच आमच्या शेठची ओळख झाली. शेठ म्हणजे हळदीचे व्यापारी, वसंतदादा मार्केट यार्डात पेढी, हरिपूरला एकेकाळी त्यांची हळदीची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं, होती, 2005 च्या पुरात गेली. त्यांना एक जुनं घर घ्यायचं होतं. कॉलमचा एक टवका निघालेला होता, तिथं मी फिनॉल्फ्थॅलीन नावाचं रसायन फवारलं. काँक्रीट निरोगी असलं की गुलाबी होतं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं त्याचा क्षार गेला असला की रंगच येत नाही, आणि तो मेलेला थर सळईपर्यंत पोचला की गंज सुरू. हे सगळं मी त्यांना समजवायला घेतलं, तर शेठ मधेच म्हणले, "म्हणजे हळदीत चुना घातला की लाल होती तसंच की!" मी गार. तसंच आहे. इतकी वर्षं मी लोकांना समजवत होतो ते या माणसाला एका फवाऱ्यात कळलं. रंग वरच्या दीड बोटातच काय, सळईपर्यंत कुठंच आला नाही, सगळं कोरं. शेठनी ते घर सोडलं आणि तेव्हापासून त्यांनी, त्यांच्या भावांनी, जावयांनी मिळून अकरा घरं आमच्याकडनं तपासून घेतली. त्यांचं एकच म्हणणं, पोत्याच्या तोंडाची हळद कोणीपण चांगलीच ठेवतं, नळी मधे खुपसून नमुना काढायचा.

2014 ते 2017 चांगली गेली. सांगण्यासारखं काही नाही.

मे 2018. शामरावनगरच्या बाजूला एक रो हाऊस, घेणारा मुलगा पुण्यात नोकरीला, आईवडिलांसाठी घेत होता. आम्ही दिवसभर तपासलं, भिंतीत ओलावा नाही, फरशी लेव्हल पाइपला बरोबर, दारं लागतायत. रिपोर्टात पान नऊवर मी स्पष्ट लिहिलं होतं, जमीन काळी मातीची आहे, पाहणी उन्हाळ्यात झालेली आहे, जोत्याखालचा भराव किती दाबलाय ते कळत नाही, पावसाळ्यात परत बघावी. आजही पान नऊचा फोटो दाखवीन. पण निघताना त्या मुलानं चप्पल घालता घालता विचारलं, "एका शब्दात सांगा ना काका, घर चांगलंय ना?" आणि मी म्हणलो, "चांगलंय."

जुलैत फरशी उचलली. काळी माती उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात, पाणी लागलं की फुगते, हे सांगलीच्या शाळेतल्या पोरालाही माहितीय. हॉल मधोमध फुगला, मागचं दार लागेना. त्या मुलानं फोटो टाकले, खाली माझं नाव, आणि ते एका ग्रुपवरनं दुसऱ्या ग्रुपवर सांगलीभर फिरले. पान नऊचा फोटो मी पण टाकला, पण तोवर कोण वाचतंय. आणि खरं सांगायचं तर चूक माझीच होती. रिपोर्ट बरोबर होता, तोंड चुकलं. त्या चार महिन्यांत दोन कामं आली, त्यातलं एक शेठनी मुद्दाम काढलेलं होतं हे मला नंतर कळलं. हप्त्यावर घेतलेला थर्मल कॅमेरा कोल्हापूरच्या एकाला विकला. मिरजेला एका साइटवर परत सुपरवायझर म्हणून उभा राहिलो, चाळिशी ओलांडलेला माणूस, पोरं म्हणायची साहेब तुम्ही तर धंदा करत होता ना.

आणि नेमका त्याच वेळी "तो" जोरात होता. नाव घेत नाही. माझ्याकडंच तीन महिने शिकायला होता, मामांची सळई हातात धरायला त्याला मी शिकवलं. त्यानं काय केलं, तपासणी फुकट. ओल दाखवायची, घाबरवायचं आणि त्याच बैठकीत वॉटरप्रूफिंगचं तीन लाखांचं कोटेशन टेबलावर. लोक मला म्हणायचे तो फुकट बघतो, तुम्ही साडेतीन हजार घेता. अरे बाबांनो, जो औषध विकतो त्याला आजार सापडणारच की. माझ्या साडेतीन हजारांत एवढंच आहे की तुमच्या घरात दोष निघाला काय आणि नाही निघाला काय, मला तेवढेच मिळणार. हे मी हजारदा सांगितलं असेल, पटलं फक्त हळदवाल्याला.

मग ऑगस्ट 2019. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला धोक्याची पातळी 45 फूट, पाणी गेलं 57 च्या वर. मारुती चौकाजवळचं माझं तळमजल्याचं ऑफिस बुडालं, कॉम्प्युटर, सात वर्षांचे रिपोर्ट, सगळ्याचा लगदा. मामांचं घर सांगलीवाडीत, ते लेकीकडं गेले म्हणून वाचले, ओळंबा मात्र खिशात घेऊन गेलेले. पाणी उतरल्यावर फोन सुरू झाले, तेच फोन जे वर्षभर बंद होते. "भिंत पडंल का?" "मीटर चालू करू का?" "रंग कधी द्यायचा?"

रंगाचं ऐका, कोणी विचारलं नसलं तरी. गणपती तोंडावर होते, मग दिवाळी, सगळ्यांना घाई, गावभागातल्या जुन्या मातीविटांच्या भिंतींना लोकांनी ओल्यावरच सिमेंटचं प्लास्टर आणि वर ऑइलपेंट मारला. आतलं पाणी जाणार कुठं? पुराच्या पाण्यानं भिंतीत क्षार राहतात, लोणा फुटतो, आणि ते क्षार ओलाव्याच्या मीटरला पण फसवतात, भिंत बऱ्यापैकी सुकली तरी काटा लालमध्येच. म्हणून मीटरवर जाऊ नका. पोपडे खरवडा, एक पूर्ण उन्हाळा भिंत उघडी राहू द्या, मग चुन्याचं काम करा. आणि वायरमनला नुसतं बटण बदलू देऊ नका, अर्थिंग तपासून घ्या, 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारं बटण, बसवा, जुन्या घरात वायरमन न्यूट्रलच अर्थला जोडून मोकळे होतात हे मी कितीदा पकडलंय.

मी पहिले पंधरा दिवस पैसे घेतले नाहीत. तो पण फुकटच होता, पण त्याच्या फुकटात केमिकल कोटिंग होतं. ओल्या भिंतीवर. पुढच्या पावसाळ्यात फुगे आले ते येणारच होते.

आणि मग ती ढाल. शेठच्या पुतण्यानं मला न सांगता त्याच्याकडनं रिपोर्ट घेतला होता, कोटिंगची भाषा पटेना म्हणून शेठनी तो माझ्यापुढं टाकला. मी वाचायला लागलो, प्रश्न माझे, क्रम माझा, "पाहणी कोणत्या ऋतूत झाली" हा रकाना माझा. तरी म्हणलं असेल योगायोग. पान चारवर आलो. 2012 ला फॉरमॅट टाइप करून घेताना "गच्चीचा ढाळ", म्हणजे पाणी वाहून जायचा उतार, याच्या जागी "गच्चीची ढाल" झालेलं होतं, मी ते कधी सुधारलंच नाही, आळस. त्याच्या रिपोर्टात छापलेलं होतं : गच्चीची ढाल, पुरेशी आहे. शेठ पोट धरून हसले, म्हणले तलवार कुठाय विचारा. मला हसू आलं नाही, अजून येत नाही. पण तो कागद शेठनी यार्डात चार जणांना दाखवला आणि तिथनं आमची गाडी परत रुळावर आली. 2021 च्या पुरात ऑफिस पहिल्या मजल्यावर होतं.

आता मामांना जिने चढवत नाहीत, खुर्चीत बसून फोटो बघतात आणि फोटोतला तडा बघून शिव्या देतात. मी निघताना दारात काही बोलत नाही. फ्लॅटवाल्यांना एवढंच सांगतो की रेरा या बिल्डरांवरच्या कायद्याखाली ताबा घेतल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी बिल्डरची आहे, अर्ज लेखी करा, पोच घ्या. बाकी पान नऊ.

गेल्या महिन्यात शेठनी बारावं घर काढलंय, हरिपूर रोडला, जावयासाठी. खिडकीच्या कोपऱ्यात तिरका तडा, कार्ड आत जातंय. काच लावून आलोय, तारीख मामांनी घरी बसूनच आधी लिहून दिलेली, थरथरत्या अक्षरात. दसऱ्यानंतर बघायला जायचं ठरलंय. शेठनी आत्तापर्यंत चारदा फोन करून विचारलं, काच फुटली का हो? म्हणलं शेठ, काच तुमच्या भिंतीवर हाय, किल्ली तुमच्याकडं हाय.