इथेच उतरायचंय

आमच्या फॉर्मवर तेव्हा एकवीस प्रश्न होते. रक्तदाब, फिट्स, खांदा कधी निखळलाय का, मधमाशी चावल्यावर अंगावर काय येतं, रोजच्या गोळ्या कोणत्या. लोक कंटाळतात आणि सरसकट ‘नाही’वर टिक करत सुटतात, म्हणून मी प्रत्येकाला समोर बसवून एकेक प्रश्न तोंडी विचारते. आता प्रश्न बावीस आहेत.

मी लोकांना झाडावर चढवते. हे सांगितलं की समोरचा विचारतो, ‘शिडी लावून?’ शिडी नाही, दोराने. डोंगर चढणारे कड्यावर जसे दोर वापरतात तसे, पण तंत्र बरंचसं झाडांची छाटणी करणाऱ्यांकडून आलेलं. कड्यावर चढणारा एक माणूस पोटासाठी झाडं छाटायला लागला, पीटर जेनकिन्स त्याचं नाव. त्याने १९८३ साली अटलांटामध्ये सामान्य लोकांना हौसेखातर असं चढायला शिकवणारी संस्था काढली. आमच्यासारखे आज जे कोणी हे काम करतात, त्यांची वाट तिथूनच पुढे आलेली. खिळ्यांचे बूट मात्र आम्ही वापरत नाही. त्या खिळ्याने सालीखालचा जिवंत थर फाटतो. तोडायच्या झाडावर ते ठीक, पाहुणा म्हणून जायचं त्या झाडावर नाही.

कधीकधी आम्ही लोकांना रात्रभर झाडावर झोपवतोही. अशाच एका रात्रीचं झाड होतं रेन ट्री. छत्रीसारखं पसरलेलं, उंचीपेक्षा घेर मोठा. अशा झाडावर फांद्यांची ददात नसते, पण आडवी लांब फांदी जाड दिसते म्हणून भरवशाची असतेच असं नाही. सकाळचा पहिला तास मी झाडाभोवती नुसती फिरते. बुंध्याशी अळंबी आहे का, कुठे पोकळ वाजतं का, तुटून वरच अडकलेली एखादी फांदी लोंबतेय का, गांधीलमाश्यांचं घर कुठे आहे का. मग थ्रो लाइन. बारीक दोरी, टोकाला साधारण ३५० ग्रॅमची छऱ्यांची पिशवी. ती नेमक्या बेचक्यातून पलीकडे टाकायची. तिसऱ्या फेकीला गेली तर तो दिवस चांगला. त्या दिवशी सतरा फेकी लागल्या आणि माझ्या सहकाऱ्याने प्रत्येक फेक मोठ्याने मोजली. मग जाड दोर वर, फांदीवर घासू नये म्हणून त्याखाली कातडी पट्टा, आणि आम्ही दोघांनी मिळून दोराला लोंबकळून घेतलेली परीक्षा. ही परीक्षा झाल्याशिवाय कुणाचाही पाय जमिनीवरून उचलायचा नाही.

वर जाणारे तिघे होते. एक निवृत्त बाई आणि दोन सख्खे भाऊ, दोघंही तिशी-पस्तिशीतले. चढताना धाकटा सरस निघाला. दुहेरी दोराच्या पद्धतीत एक मीटर वर जायला दोन मीटर दोर ओढावा लागतो, पण हातावर भार निम्माच येतो. ज्याला हे लवकर उमगतं तो दंड न आवळता पायाने ढकलत जातो. धाकट्याला ते दहा मिनिटांत उमगलं. थोरला अर्ध्यावर बसून घाम पुसत होता आणि हा वरून त्याला सल्ले देत होता.

झोपायच्या झोळ्या चौदा मीटरवर, म्हणजे साधारण पाचव्या मजल्याइतक्या उंच. दोन टोकांची बागेतली झोळी इथे चालत नाही, कूस बदलली की उलटते. आमची झोळी चारही कोपऱ्यांनी ताणलेली असते, जवळजवळ कॉटसारखी. झोपताना हार्नेस, म्हणजे कमर-मांड्यांभोवतीचे पट्टे, अंगावरच. दोन ठिकाणी बांधलेला: एक वरून येणारा मुख्य दोर, दुसरा लॅनयार्ड, म्हणजे फांदीला बांधणारा आखूड दोर. दोन्हींना कूस बदलण्यापुरती ढील. लोकांना सगळ्यात जास्त काळजी पडण्याची नसते, लघवीची असते. त्यासाठी बाटल्या असतात आणि त्या कशा वापरायच्या हे मी पुरुषांना आणि बायकांना वेगवेगळं, अजिबात न हसता समजावून सांगते.

अंधार पडू लागला तशी रेन ट्रीने पानं मिटली. त्याची पानं रोज संध्याकाळी मिटतात, खालून बघणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही. वर झोळीत पडलेल्या माणसाला मात्र आपल्यावरचं छप्पर हळूहळू कुणी काढून नेतंय असं वाटतं. निवृत्त बाईंनी तेवढ्यासाठीच पैसे भरले होते असं नंतर म्हणाल्या. साडेदहाला सगळे आडवे झाले. खाली सहकारी जागा होता. तो रात्रभर जागा असतो, तसा आमचा नियमच आहे. त्याच्या हातात एक दोरी आणि तिचं दुसरं टोक माझ्या मनगटाला. दोन हिसके म्हणजे ‘काहीतरी आहे’.

बाराला दहा मिनिटं असतील. मला टक् असा आवाज आला.

हा आवाज मी झोपेतही ओळखते. दोर हार्नेसला अडकवायची धातूची कडी म्हणजे कॅराबिनर. आमच्या कॅराबिनरला तीन टप्प्यांचं कुलूप असतं: नळी वर उचलायची, मग फिरवायची, मग दार आत ढकलायचं. नळी उचलून सोडली की ती परत खाली बसते आणि टक् वाजते. मला वाटलं कुणाच्या तरी कुशीखाली आलंय. पुन्हा टक्. मी मान वळवली. पानं मिटलेली असल्याने चांदणं थेट खाली येत होतं, नाहीतर मला काहीच दिसलं नसतं.

धाकटा झोळीत ताठ बसला होता. पाय बाहेर सोडलेले. त्याचा लॅनयार्ड फांदीवरून मोकळा लोंबत होता, आणि दोन्ही हात मुख्य दोराच्या कॅराबिनरवर. उचल, सोड. उचल, सोड. फिरवायचं तेवढं राहत होतं.

मी हळू आवाजात विचारलं, ‘काय झालं?’

‘स्टेशन आलं,’ तो म्हणाला. अगदी स्पष्ट, जागेपणी बोलावं तसं. ‘इथेच उतरायचंय.’

डोळे उघडे होते. माझ्याकडे वळलेही, पण त्यात मी नव्हते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की हा माणूस झोपेत आहे.

ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही, यात शहाणपणापेक्षा घसा सुकल्याचा भाग जास्त होता. पण झालं ते बरंच झालं. असं माणूस दचकून जागं झालं तर गोंधळतं, कधी झटापटही करतं. मी मनगटाची दोरी दोनदा ओढली आणि म्हणाले, ‘अहो, गाडी चालू आहे अजून. थांबली की सांगते.’

त्याचे हात थांबले.

आमच्या झोळ्यांमध्ये दीडेक मीटर अंतर आणि धरायला एक आडवा दोर. मी माझा लॅनयार्ड सोडला, मुख्य दोरावर अंग टाकलं आणि सरकत निघाले. तेवढ्यात पुन्हा टक्. ‘अहो, उतरू द्या ना,’ आता आवाजात चीड. मी म्हणाले, ‘तुमचं स्टेशन पुढचं. सामान घ्या आधी.’ हे मला कसं सुचलं माहीत नाही. तो खरंच सामान शोधायला लागला. झोळीत चाचपडू लागला, आणि हात कॅराबिनरवरून सुटले.

मी त्याचा लोंबता लॅनयार्ड पकडला, कमरेच्या कडीत अडकवला. दार मिटलं, नळी आपोआप फिरून बसली. मग थैलीतली चिकटटेप काढली आणि दोन्ही कॅराबिनरच्या नळ्यांवर चार-चार वेढे दिले. तिसरा वेढा देताना माझी बोटं इतकी कापत होती की टेप स्वतःलाच चिकटली, दाताने तोडावी लागली. तो शांतपणे बघत होता. मग म्हणाला, ‘बरं,’ पाय वर घेतले आणि आडवा झाला. मिनिटभरात घोरायला लागला.

त्याला तेव्हाच खाली का आणलं नाही, असं हे काम करणाऱ्या दोघा-तिघांनी मला नंतर सुनावलं. त्यांचं चुकलं असं म्हणत नाही. पण अर्धवट झोपेतल्या माणसाला अंधारात, फांद्यांमधून, चौदा मीटर उतरवायचं, आणि तो मध्येच जागा होऊन धडपडायला लागला तर? बेशुद्ध झाला किंवा पाय न हलवता हार्नेसमध्ये नुसता लटकत राहिला तर पायातलं रक्त पायातच साचतं, मग वेळ थोडा उरतो. त्यापेक्षा टेप लावलेला, दोन ठिकाणी बांधलेला, आडवा माणूस मला बरा वाटला. पहाटेपर्यंत मी त्याच्या झोळीच्या कडेला बसून राहिले, एक हात त्याच्या हार्नेसवर.

एकच्या सुमारास थोरल्याला हळूच उठवलं. त्याने सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. ‘लहानपणी चालायचा हो ताई. एकदा कुलूप उघडून अंगणात जाऊन बसला होता. आम्हाला वाटलं, सुटलं आता.’

फॉर्मवर विचारलं होतं का? नव्हतं. म्हणून मी दोघांनाही दोष देऊ शकत नाही. झोपेत चालणं मुलांमध्ये जास्त, वाढत्या वयात बहुतेकांचं जातं. पण ज्याचं पूर्ण गेलेलं नसतं त्याला दमणूक, अपुरी झोप, अनोळखी अंथरूण यांतलं काहीही पुरतं. शिवाय ते होतं गाढ झोपेत, म्हणजे रात्रीच्या पहिल्या भागात. आम्ही माणसाला दिवसभर दमवतो, मग परक्या जागी झोपवतो. याहून चांगली तयारी कोणी ठरवूनही केली नसती. आता बाविसावा प्रश्न ‘तुम्ही झोपेत उठता का’ असा नाही. तो ‘तुम्ही झोपेत उठता असं कुणी कधी सांगितलंय का’ असा आहे, कारण उठणाऱ्याला स्वतःला ते ठाऊक नसतं. आणि रात्री मुख्य दोर कॅराबिनरने नाही, हार्नेसला थेट आठाच्या गाठीने बांधते. ती सोडायला जागं असावं लागतं, जागेपणीसुद्धा नखं दुखतात.

उजाडलं, पानं उघडली. धाकट्याने आळस दिला, म्हणाला काय मस्त झोप लागली. मग खाली नजर गेली. ‘ही टेप कसली?’

‘खाली सांगते,’ मी म्हणाले. थोरला दुसरीकडे बघत होता.

तो नेहमीसारखा झकास उतरला. हार्नेस काढून त्याच्या हातातून घेतला आणि मग सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, वर झोळीकडे बघितलं, बराच वेळ बघत राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला,

‘कुठलं स्टेशन, ते बोललो का काही?’