शिश्किन जाळी: एप्सिलॉन बदलला तरी चूक तेवढीच राहते का?

समीकरण संगणकावर सोडवायला ० ते १ या अंतरावर जे बिंदू घेतो ती जाळी; शिश्किन जाळीत ते एका अरुंद पट्टीत दाट असतात. गणित असं: −एप्सिलॉन·य″ + य′ = १, दोन्ही टोकांना (क्ष = ० आणि १) य = ०; एप्सिलॉन हा लहान धन आकडा. उत्तर क्षच्या बरोबरीने सरळ चढत जातं आणि क्ष = १ च्या अगदी जवळ, एप्सिलॉनच्या मापाच्या पट्टीत (हाच थर), शून्यावर कोसळतं. सगळी लढाई त्या पट्टीत आहे.

समान अंतराची जाळी, सेंट्रल डिफरन्स (य′ साठी दोन्ही बाजूंच्या बिंदूंतला फरक), एप्सिलॉन ०.००१, ६४ भाग. उजव्या टोकाच्या आधीच्या बिंदूवर ०.९८४ यायला हवं, येतं १.७५७. त्याच्या डावीकडे ०.९६९ ऐवजी ०.३७१. कोड बरोबर आहे. पायरीला (शेजारच्या दोन बिंदूंतल्या अंतराला) एप्सिलॉनच्या दुपटीने भागलं की इथे ७.८ येतात, हा आकडा १ च्या वर गेला की थराचा भाग (क्ष − य) बिंदूगणिक चिन्ह बदलतो आणि आलेखाला करवतीचे दाते फुटतात.

अपविंड घेतलं (इथे मागचा फरक, म्हणजे य′ साठी फक्त डावीकडचा बिंदू) की दाते जातात. पण खरा सापळा इथेच आहे. एप्सिलॉन ०.०००००१ ठेवून त्याच ६४ भागांवर चूक मोजली तर ती ०.०००१ च्या आत दिसते, कारण थरात एकही बिंदू नसतो! एप्सिलॉन पायरीएवढा करा: शेवटून दुसऱ्या बिंदूवर थराचा भाग ०.३६८ हवा, मिळतो ०.५. चूक ०.१३२, आणि एप्सिलॉन पायरीएवढाच ठेवत भाग कितीही वाढवले तरी ती हलत नाही. म्हणून एकाच एप्सिलॉनवरचा तक्ता दाखवू नये. १ पासून निम्मा-निम्मा करत तीसेक किमती घ्याव्यात आणि प्रत्येक भागसंख्येसाठी त्यांतली सर्वांत मोठी चूक लिहावी.

आता शिश्किन जाळी. थराची रुंदी = २ × एप्सिलॉन × भागसंख्येचा नैसर्गिक लॉग; ती ०.५ च्या वर गेली तर ०.५ च धरायची. निम्मे भाग या पट्टीत, निम्मे बाहेर. एप्सिलॉन ०.००१ आणि ६४ भागांना पट्टी ०.००८३२, आतली पायरी ०.०००२६, बाहेरची ०.०३१. अपविंडची सर्वांत मोठी चूक ६४, १२८, २५६ भागांना सुमारे ०.०४४, ०.०२६, ०.०१५. एप्सिलॉन ०.०००००१ केला तरी आकडे जवळपास हेच, आणि जाळीचं सगळं मोल यातच आहे. चूक दर वेळी निम्मी होत नाही म्हणून बग शोधत बसू नका, तो रुंदीतल्या लॉगचा परिणाम आहे.

एप्सिलॉन १०⁻¹² च्या आसपास गेला की वेगळंच दुखणं सुरू होतं. क्ष थेट साठवून शेजारच्यातून वजा केला तर पायरीत दहा हजारात चारेक भागांची चूक शिरते, कारण १ जवळ डबल प्रिसिजनचे (संगणक आकडे साठवतो त्या सुमारे १६ अंकी पद्धतीचे) अंक संपतात. पायऱ्या आणि १ − क्ष हे अंतर वेगळ्या ॲरेंमध्ये ठेवा. अचूक उत्तरही त्या अंतरातूनच काढा. नेमक्या सूत्रात १/एप्सिलॉनचा धन घातांक येऊ देऊ नका, घातांक ७०९ च्या पुढे गेला की ओव्हरफ्लो होतो (आकडा साठवण्याच्या मर्यादेबाहेर जातो).

य′ चं चिन्ह उलटलं तर थर डाव्या टोकाला जातो. तेव्हा बारीक पायऱ्या आणि फरकाची दिशा दोन्ही उलटवायची; एकच उलटवली तर उत्तर बिघडतं.

पुढची पायरी बाखवालोव्हची १९६९ ची जाळी. तिथे चुकीतला लॉग जातो, पण पट्टीची सीमा ठरवायला एक अरेषीय समीकरण सोडवावं लागतं. ते सोडवणाऱ्या न्यूटनच्या पद्धतीची सुरुवात शिश्किनच्या रुंदीपासून करून बघायची आहे.